पोटातले चार, गळ्यातले सहा

तक्रार

आवाजाचं बटण फिरवलं की कुरकुर होते.

बस्स, एवढीच. कार्डावर दादाने स्वतःच्या हाताने लिहिली होती आणि तिच्याखाली दोन रेघा मारून पुढे लिहिलं होतं: कंडेन्सरला हात लावायचा नाही. ‘नाही’वर पेन एवढं दाबलं होतं की कार्ड पालथं केलं तरी ते बोटाला लागत होतं.

आत्याच्या दुकानात कार्ड भरल्याशिवाय कुठलीही वस्तू टेबलावर चढत नसे. सख्ख्या भावालाही त्यातून सूट नव्हती. ती खरं तर एकाच मुलीची आत्या. दादाची मुलगी लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून ‘आत्या, आत्या’ करून तिचं डोकं खायची. मुलगी मोठी होऊन दुसऱ्या गावी गेली, हाक मात्र गल्लीने ठेवून घेतली. समोरचा कुलूपवाला तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, तोही तिला आत्याच म्हणायचा. आणि ती ओ द्यायची.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि दुरुस्त होऊन मालकाची वाट बघणारे मिक्सर. मागच्या खोलीत टेबल, त्यावर रबराची चटई, डोक्यावर लोंबता दिवा, भिंतीवर पकडी नि पेचकस उंचीप्रमाणे उभे, शाळेच्या फोटोतल्या मुलांसारखे. कोपऱ्यात धूर बाहेर टाकणारा पंखा. तो चालू झाला की बोलणाऱ्याला ओरडावं लागायचं.

बुधवार, सकाळचे दहा. टेबलावर दादाचा गिटारचा ॲम्प्लिफायर. काचेच्या व्हॉल्व्हवाला, घेतला तेव्हाच जुना, दोन माणसांनी उचलायचा. बँडमधले सगळे त्याला ‘म्हातारा’ म्हणत. शनिवारी चार वाजता क्लबच्या हॉलमध्ये बँडचं रेकॉर्डिंग होतं. तेहतीस वर्षं दर शनिवारी वाजवणाऱ्या ह्या बँडचं एकही धड रेकॉर्डिंग कुणाकडे नव्हतं. आता कुणीतरी यंत्रं घेऊन येणार होतं आणि जे वाजेल ते कायमचं राहणार होतं.

कुरकुर पाच मिनिटांत गेली. बटणात धूळ होती. आत्याने फवारा मारला, बटण वीस वेळा इकडून तिकडे फिरवलं, संपलं. मग पाठीची फळी लावून स्क्रू घट्ट करायचे, एवढंच उरलं होतं.

तिने ते केलं नाही. तिने दिवा खाली ओढला.

उघडल्यावर काय दिसलं

(हा रकाना कार्डावर आहे. तिने तो कोरा सोडला.)

म्हाताऱ्याच्या पोटात चार मोठे कपॅसिटर होते. दादाची पिढी त्यांना कंडेन्सर म्हणते. ॲल्युमिनियमचे डबे, अंगठ्याएवढे जाड, एका रांगेत. पहिल्याच्या डोक्यावर टेंगूळ आलं होतं. दुसऱ्याच्या बुडातून तपकिरी चिकट ओघळ निघून वाळला होता. तिसरा आणि चौथा दिसायला सभ्य होते. आत्याचा सभ्य दिसणाऱ्यांवर विश्वास नव्हता.

त्यांच्यापासून दूर, वरच्या अंगाला, सहा छोटे पिवळे कपॅसिटर. औषधाच्या गोळ्यांसारखे.

तिने डावा हात पाठीमागे नेला. ही तिची सवय, हाताखाली शिकत होती तेव्हापासूनची. ॲम्प्लिफायर बंद करून बराच वेळ झाला तरी त्या डब्यांत चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात, आणि दोन्ही हात आत घातले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. म्हणून एक हात कामाला, एक हात पाठीशी. गिऱ्हाइकांना वाटे, बाई फार ऐटीत उभी राहते.

उजव्या हाताने तिने डब्यांतली वीज उतरवून ते रिकामे केले, पहिल्याचं एक टोक सोडवलं आणि मीटर लावला. डब्यावर छापलेला आकडा चाळीस. मीटर म्हणाला सतरा.

दुसरा: बावीस. तिसरा: एकतीस. चौथा मीटरला काही सांगायलाच तयार नव्हता. आकडा चढायचा, उतरायचा, चढायचा. तिने टोकं परत जोडली.

तिने फोन हातात घेतला तो आकड्यांमुळे नाही. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमुळे. तो काळा ठोकळा म्हणजे म्हाताऱ्याचं काळीज. कपॅसिटर आतून फुटून शॉर्ट झाला की सगळा भार त्या ठोकळ्यावर येतो आणि तो जळतो. कपॅसिटर बाजारात मिळतात. तो ठोकळा मिळत नाही.

खात्री करावी म्हणून तिने वाइंडिंगवाल्या काकांना फोन लावला. अख्ख्या शहराचे जळालेले ट्रान्सफॉर्मर त्यांनी पुन्हा गुंडाळून दिले होते.

“पोरी, मशीन विकून दोन वर्षं झाली,” काका म्हणाले. “आता सुईत दोरा ओवायला सून लागते मला. तू तार कसली गुंडाळायला सांगतेस?”

“दुसरं कुणी?”

“आहे की. पण त्याच्या आतला तसला पत्रा आता कोण आणणार? जळालाय का?”

“अजून नाही.”

“मग जळू देऊ नकोस,” काका म्हणाले आणि आपण फार मोठा सल्ला दिला अशा थाटात फोन ठेवला.

आधीचं काम, असल्यास

असल्यास! होतं ना.

अकरा वर्षांपूर्वी दादाने आणखी एक ॲम्प्लिफायर आणला होता, लहान, घरी वाजवायचा. आत्या तेव्हा नव्या दमाची होती. तिने त्यातलं जुनं म्हणून जे जे दिसलं ते ते उपटलं. चकचकीत करून दिला. दादाने गिटार लावली, चार सूर काढले आणि म्हणाला, “छान.”

दादाचं ‘छान’ म्हणजे दुसऱ्या माणसाने दार आपटून निघून जाणं. तो ॲम्प्लिफायर घरी गेला तो जिन्याखाली बसला. पुढे वहिनीने त्यावर कुंडी ठेवली. कुणी कुणाला बोललं नाही. पण आत्या भावाच्या घरी गेली की जिन्याखाली न बघता वर चढायची.

नंतर तिने पुष्कळ विचार केला, पुष्कळ उघडून पाहिलं, आणि चूक तिला कळली. ॲम्प्लिफायरमध्ये कपॅसिटर दोन तऱ्हेचे. काही पोटातले: ते फक्त वीज साठवतात, खायला घालतात. काही गळ्यातले: सूर त्यांच्यातून जातो, आणि जाताना त्यांचा रंग घेऊन जातो. तिने पोटाबरोबर गळाही कापला होता.

आता तिला हे माहीत होतं. दादाला फक्त ‘छान’ माहीत होतं.

पाठ लावायची आणि गप्प बसायचं? शनिवारी अर्ध्या गाण्यात धूर निघाला तर म्हातारा गेला, रेकॉर्डिंग गेलं. न विचारता बदलायचे? मग भाऊ गेला. ती टेबलापाशी उभी राहून पेचकस तळहातावर आपटत राहिली. मग तिने पेचकस खाली ठेवला आणि दादाला फोन केला. “गिटार घेऊन ये.”

ग्राहकाशी बोलणं

“झाली का कुरकुर?”

“झाली.”

“मग ह्याची पाठ का उघडी?”

“बस ना दादा.”

“तू बस म्हणालीस म्हणजे काहीतरी गळ्यात मारणार. मी उभाच बरा.”

“हे बघ. हे टेंगूळ दिसतंय?”

“मलाही आहे. मानेवर. डॉक्टर म्हणाले राहू द्या.”

“तुझ्या मानेत चारशे व्होल्ट नाहीत. दादा, हे चार बदलायलाच हवेत. फक्त हे चार. वरच्या पिवळ्यांकडे मी ढुंकूनसुद्धा बघणार नाही.”

“कार्ड वाचलंस का?”

“पाठीमागून पण वाचलं.”

“मग?”

“मग काय मग! शनिवारी हा पेटला तर?”

“तेहतीस वर्षांत पेटला नाही, तो बरोबर शनिवारी चार वाजता पेटेल. घड्याळ आहे त्याच्याकडे.”

“दादा!”

“ओरडू नकोस. मागच्या खेपेला मी ओरडलो होतो का?”

झालं. कुंडी आली मध्ये.

आत्याने पदर खोचला, म्हणजे पदर नव्हता, ॲप्रन होता, पण खोचला. “ओरडला असतास तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “तू छान म्हणालास. अकरा वर्षं ते छान माझ्या कानात बसलंय. मी चुकले होते. तेव्हा सगळंच बदललं, ते चुकलं. पण त्या भीतीने आज हे तसंच बंद करून दिलं तर ती दुसरी चूक. मला नाही करायची.”

दादा बसला. त्याने गिटारच्या पेटीची कडी उघडली, परत लावली.

“आवाज बदलतो गं,” तो म्हणाला, आता खालच्या पट्टीत. “तुम्ही लोक म्हणता बदलत नाही. बदलतो. शनिवारी जे होईल ते राहणार आहे. त्यात मी दुसऱ्याच कुणाच्या आवाजात वाजवतोय, असं नको.”

“पैज लाव.”

“कसली?”

“तू भिंतीकडे तोंड करून बस. मी कधी जुने ठेवीन, कधी नवे चिमट्याने बाजूला जोडीन. तू वाजव. फरक कळला, तर मी पाठ लावते आणि तोंडाला कुलूप. नाही कळला, तर चौघांना काढते.”

दादाचे डोळे लकाकले. कानाची पैज आणि त्याच्याशी! “आणि जिंकलो तर ती कुंडी मी इथे आणून ठेवणार,” तो म्हणाला.

तपासणी: पहिली फेरी

जुन्यांवर म्हातारा नेहमीसारखा जागा झाला. व्हॉल्व्ह तापले, आणि स्पीकरमधून त्याची ती गुणगुण सुरू झाली. जाड, एकसुरी, बंद खोलीत भुंगा शिरावा तशी. दादाने दोन खुंट्या किंचित पिळल्या, एक गाणं वाजवलं. आत्याने ऐकलं. सुंदर वाजत होतं, हे कबूल करायला तिच्या जिवावर आलं.

बंद. डबे रिकामे. डावा हात पाठीशी. नवे चार चिमट्यांनी जुन्यांच्या जोडीला. चालू.

दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो वाजवेना.

“वाजव ना.”

“चालू कर मग.”

“चालूच आहे.”

“नाही.”

“अरे, दिवा लागलाय.”

दादाने खुर्ची वळवली. लाल दिवा लागला होता. स्पीकर गप्प होता. नवे कपॅसिटर वीज पाण्यासारखी निवळ देत होते, आणि गुणगुण म्हणजे तरी काय, गढूळ विजेचाच आवाज.

“हे बघ,” दादा हळूच म्हणाला. “मेला.”

“अजून एक तार तरी छेडली का तू?”

“छेडायची गरजच काय? पैज जिंकलो. लाव पाठ.”

नियमाने तो जिंकला होता. फरक कळला तर, असंच ती म्हणाली होती. सूर की गुणगुण, हे कुठे म्हणाली होती? स्वतःच्या मूर्खपणावर तिने दात खाल्ले. पण हार मानायची तर आधी कशात हरलो ते कळायला हवं.

“जिंकलास,” ती म्हणाली. “आता माझ्यासाठी पाच वेळा वाजव. पैज म्हणून नको. बहीण सांगते म्हणून.”

“आणि फरक कळतच राहिला तर?”

“तर मलाही कळेल, कशाचा ते.” तिने कोपऱ्यातला पंखा लावला.

खोली घरघराटाने भरली. आता गुणगुण असली काय, नसली काय, कुणाला ऐकू येणार नव्हती. गिटार मात्र पंख्याच्या वरताण वाजत होती.

तपासणी: पाच फेऱ्या, पंख्यासकट

पहिली: नवे होते. दादा ओरडून म्हणाला, “जुने!”

दुसरी: जुने. दादा: “जुने!”

तिसरी: जुने. दादा: “नवे! एकदम नवे! कळतंय ना कोरडेपण?”

चौथी: नवे. दादा: “जुने! हाच तो!”

पाचवी फेरी झालीच नाही.

चौथीच्या शेवटी त्याने एक तार लांबवर ओढली होती, ती उतरली. तिसरी तार. तो खुंटी पिळू लागला. थोडी वर. फार झाली. खाली. पुन्हा वर. तार छेडायची, मान वाकडी करायची, तोंड वाकडं करायचं. मिनिट गेलं. दोन गेली. तेहतीस वर्षं गिटार वाजवणारा माणूस एक तार लावू शकत नव्हता.

आत्या आधी हसणार होती. मग तिचं लक्ष त्याच्या मानेकडे गेलं.

तार लावणारा माणूस कान तारेकडे नेतो. दादाने कान म्हाताऱ्याकडे नेला होता. तो तार छेडत होता आणि पलीकडून उत्तर यायची वाट बघत होता.

तिने पंखा बंद केला. वीज बंद करून, डबे रिकामे करून नव्यांचे चिमटे काढले. म्हातारा चालू केला. गुणगुण आली. दादाचा हात आपोआप खुंटीवर गेला, अर्धा पीळ, आणि झालं. पुरे तीन सेकंदही लागले नाहीत.

“हां,” तो म्हणाला. “बसली.”

“दादा, तार कशावरून लावतोस तू?”

“कानावरून.”

“कुणाच्या?”

“हा काय प्रश्न? माझ्या.”

तिने सूर मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं. “तिसरी तार वाजव.” काट्याने आकडा दाखवला: दोनशे. जगातल्या सगळ्या गिटारींची ती तार एकशे शहाण्णववर लावायचा रिवाज आहे. मग तिने यंत्र स्पीकरसमोर धरलं. गुणगुण: शंभर. घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, म्हाताऱ्याच्या पोटात त्यांचे शंभर होतात, आणि शंभराची दुप्पट दोनशे. कानाला एकच सूर, एक खालचा, एक वरचा.

दादाने आकडे बघितले. त्याला काही कळलं नाही आणि सगळं कळलं.

“म्हणजे मी...”

“तू विजेवर गिटार लावतोस. तेहतीस वर्षं.”

“आणि बेसवाला?”

“तो कुणाकडून सूर घेतो?”

“माझ्याकडून.” दादा जागच्या जागी थोडा लहान झाला. “गाणारी पण माझ्याकडूनच घेते.”

वहिनी

वहिनी शाळेत व्हायोलिन शिकवायची आणि बँडमध्येही तीच व्हायोलिन वाजवायची. आज बँडची तालीम म्हणून दादाला घ्यायला ती शाळेतून थेट दुकानात आली, खांद्याला व्हायोलिन. आत येऊन तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा नणंदेकडे.

“कोण गेलं?”

“कुणी नाही,” आत्या म्हणाली, आणि जे झालं ते सांगितलं.

वहिनीने खुर्ची ओढली, चप्पल काढली, पाय चोळला. “बरं झालं,” ती म्हणाली. “एकदाचं कळलं.”

“म्हणजे तुला माहीत होतं?” दादा ताडकन उठला.

“अहो, मी मुलांना रोज सूर शिकवते. मला नसणार माहीत? पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आपण सगळ्यांच्या थोडे वर आहोत. थोडेच. सूर बदलावा इतके नाही, पण कुणाशी पटू नये इतके.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले. तुम्ही म्हणालात, माझ्या कानाला शिकवू नकोस. मी म्हटलं, राहिलं. माझ्या तारा वर चढवल्या. शाळेत दुसरं व्हायोलिन आहे, ते जगाच्या सुरात. हे तुमच्या.” ती नणंदेकडे वळली. “वन्सं, आठवतात का ते अकॉर्डियनवाले?”

आत्याला आठवत होते. अकॉर्डियनचे सूर कारखान्यातच ठरतात, ते वरखाली करता येत नाहीत. बँडमध्ये तीन अकॉर्डियनवाले आले आणि तिन्ही गेले. प्रत्येक वेळी दादा म्हणायचा, ह्याचा बाजा बेसूर आहे. तिसरा तर जाताना रडला होता.

“अरे देवा,” दादा म्हणाला आणि खाली बसला. मग त्याच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. आत्याला वाटलं रडतोय. तो हसत होता. “तो तिसरा नवीन बाजा घेऊन आला होता गं. मी त्यालाही म्हटलं, हाही बेसूर.”

तिघंही हसली. हसू ओसरलं तेव्हा टेबलावर म्हातारा होता आणि त्याची पाठ उघडीच होती.

“आता तर मुळीच नाही,” दादा म्हणाला. हसण्याचा मागमूस नव्हता. “चूक असेल. पण तेहतीस वर्षं हाच आमचा सूर आहे. शनिवारी तोच राहायला हवा. गुणगुण गेली तर मी लावू कशावर? त्या काट्यावर? काट्यावर लावली की दुसरा बँड होईल.”

मार्ग होते. तिसरा डबा जुना ठेवायचा, थोडी गुणगुण राहील. किंवा नवे बसवून वर एक छोटा डबा द्यायचा, जो नुसताच शंभरवर गुणगुणेल. दहा मिनिटांचं काम. दादाला कळणारही नाही.

ते मार्ग तिला आवडले नाहीत. पहिला भित्रा होता. दुसरा म्हणजे भावाला आयुष्यभर खुळखुळा देणं.

“हात इकडे दे,” ती म्हणाली.

“का?”

“दे.”

तिने प्लग उपसला, डबे रिकामे केले आणि दादाचा हात धरून ट्रान्सफॉर्मरच्या काळ्या ठोकळ्यावर ठेवला. दादाने तो झटक्यात मागे घेतला.

“आपण फार तर अर्धा तास वाजवलंय,” आत्या म्हणाली. “शनिवारी तीन तास वाजवणार आहात. दादा, पैज मी हरले, हे खरं. पण मी ह्याची पाठ लावणार नाही. वस्तू तुझी आहे. न्यायची तर ने, मी अडवणार नाही. पण स्क्रू तू लाव. माझ्या हाताने हे बंद व्हायचं नाही.”

तिने पेचकस त्याच्यापुढे धरला.

दादाने पेचकस घेतला.

पाठीची फळी उचलली, जागेवर बसवली. पहिला स्क्रू लावला. आत्या बघत राहिली. तिने नजर वळवली नाही, मदतही केली नाही. दुसरा स्क्रू तिरका गेला. त्याने तो काढला, परत लावला. आठ स्क्रू होते.

तिसऱ्याला त्याने हात घातला तेव्हा खोलीत तो सूर आला.

म्हाताऱ्याचा प्लग जमिनीवर पडला होता. सूर व्हायोलिनचा होता. वहिनी चप्पल न घालता उभी होती आणि सगळ्यात जाड तार मोकळी वाजवत होती. गज संथ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. दादाने स्क्रू बोटांत धरून ऐकलं. आत्याने न राहवून यंत्राकडे पाहिलं. काटा दोनशेवर गेला आणि तिथेच राहिला.

“गिटार घ्या,” वहिनी म्हणाली. गज थांबला नाही.

“अगं, पण...”

“अहो, हात दुखतोय माझा. घ्या लवकर.”

दादाने गिटार मांडीवर घेतली. एक तार मुद्दाम उतरवली. मान वाकडी केली. या वेळी बायकोकडे. एकदा वर, एकदा खाली, अर्धा पीळ. जरा वेळ लागला. तीन सेकंदांहून बराच जास्त. वहिनी तोवर गज ओढत राहिली, भुवईने ‘अजून, अजून’ करत.

“बसली,” दादा म्हणाला.

“बसली नाही. केसभर खाली आहे.”

त्याने केसभर वर घेतली. वहिनीने व्हायोलिन खाली केलं आणि खांदा चोळला.

“दर शनिवारी देशील?” दादाने विचारलं.

“बघू. तुमच्या वागण्यावर आहे.”

दादा उठला. लावलेले दोन स्क्रू त्याने काढले आणि पेचकसासकट आत्याच्या तळहातावर ठेवले. “पिवळ्यांना हात लावलास तर याद राख.”

“त्यातला एक जरा गळका आहे, सकाळीच मीटरने सांगितलं,” आत्या म्हणाली. लपवून ठेवायचं नाही, एवढं तिने ठरवलंच होतं. “पण तो ट्रान्सफॉर्मरला खाणार नाही. फार तर एक दिवस आवाज घोगरा होईल.”

“होऊ दे घोगरा. माझाही होणारच आहे.”

“कार्डावर लिहिते.”

“लिही.”

तिने लिहिलं. मग दिवा खाली ओढला, मीटरने चारही डबे पुन्हा रिकामे असल्याची खात्री केली. शून्य, शून्य, शून्य, शून्य. तिने सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. दादाला बसवेना, बघवेना आणि जाववेनाही. शेवटी वहिनीने त्याच्या हातात बॅटरी दिली आणि उजेड कुठे धरायचा ते दाखवलं.

पहिला डबा सहज सुटला नाही. जुनं कथील वितळायला वेळ लागला. आत्याने डावा हात पाठीशी ठेवूनच आयर्नच्या टोकाने तो किंचित हलवला, आणखी उष्णता दिली, पुन्हा हलवला. तो निघाला. त्याच्या बुडाखालचा तांब्याचा पत्रा कळकून हिरवा झाला होता. दादाने उजेड जवळ आणला आणि बराच वेळ त्या हिरव्या डागाकडे बघत राहिला.

“हलवू नकोस बॅटरी,” आत्या म्हणाली.

तिने पत्रा घासून स्वच्छ केला, नवा डबा उचलला, कुठली बाजू कुठे ते दोनदा तपासलं, आणि टोक वाकवून जागेवर बसवलं. कथील चांदीसारखं पसरलं आणि गोठलं. एक झाला. ती सरकली, दिवाही सरकवला, आणि ओघळ आलेल्या दुसऱ्यावर पकड ठेवली.